ठेकामामांची निळी डबी

ठेकामामांना नुसतं बसता येत नसे. कुठेही टेकले की उजव्या हाताची बोटं सुरू. मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्या एसटीत पुढच्या सीटच्या दांड्यावर, जेवताना ताटाच्या काठावर, एवढंच काय, मयताला गेले तरी स्वतःच्या गुडघ्यावर. घरासमोरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकून ते ओटीवरूनच ओरडत, "पट्टा सैल झालाय रे, चाल पडलीय तिची!" गिरणीवाला आधी शिव्या घालायचा आणि मग गुपचूप पट्टा आवळायचा. माणसंही ते चालीवरूनच ओळखत. सरपंच त्यांच्या हिशेबी 'रेंगाळतो' होते आणि मी 'धावते'. मी त्यांच्या गायन पार्टीत गात होते, त्यामुळे माझ्याबद्दल ते अधिकाराने बोलत.

पार्टी म्हणजे मामांची गिटार, त्यांच्या धाकट्या भावाची, दादूची, ढोलकी आणि माझा गळा. भातसानगरला धरणावरची नोकरी सांभाळून मामांनी उभं आयुष्य शहापूर-मुरबाडच्या गावागावांत जयंतीचे कार्यक्रम केले. दादूची ढोलकी गाणं रंगलं की चढायची, पब्लिक नाचायला उठलं की आणखी चढायची, आणि मामांचा उजवा हात तारा छाटत तिच्या बरोबरीने वर जायचा. त्या दोघांच्या मध्ये उभं राहून गाणं म्हणजे काय सुख होतं, ते मला कधी कुणाला सांगता आलेलं नाही. पायाशी पेडल मांडून वाजवणारी हल्लीची पोरं दिसली की मामा चिडवत, "हात आयबापानी दिलेत ना रे? मग पायानं कशाला वाजवता?"

आणि एका सकाळी अंगणात दात घासता घासता मामा कोसळले. उजवी बाजू गेली. हॉस्पिटलात काही दिवसांनी डाव्या हाताची बोटं कॉटच्या लोखंडावर वाजू लागली, तेव्हा मामी तोंडाला पदर लावून रडल्या. आम्हाला वाटलं, मामा परत आले. पुढे पाय ओढत चालूही लागले. उजवा हात मात्र तारांवर एकदा कसाबसा पडायचा आणि तिथेच राहायचा.

मग ज्यांनी पेडलवाल्यांची टिंगल केली, त्या मामांनी दादूला कल्याणला पिटाळलं आणि गिटारचा सूर बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या तसल्याच तीन पेडल-डब्या मागवल्या. एकदाच तार छेडायची, सूर लांबवायचा आणि ठेका डबीने धरायचा, असा बेत. उन्हाळभर ओटीवर परीक्षा चालली. काळी डबी सूर सुरीने चिरावा तसा चिरायची. "हिचं कापनं बघ, कोथिंबीर कापल्यागत. पन बहिरी हाय. चालीचा आकडा लावला का तोच धरून बसनार." दुसरी सूर पुन्हा पुन्हा परत आणायची. "सिद्धगडाखाली हाक मारल्यागत वाटतं. पन दादू पुढं गेला तरी ही आपली मागचीच हाक देत बसनार." तिसरी निळी. ती सूर चिरत नसे, नुसता फुगवायची आणि ओसरवायची, म्हणून ठेका जरा मऊ पडायचा. पण तिला एक बटण होतं. पायाने दोनदा दाबलं की ती तेवढीच चाल उचलायची आणि तिचा लाल दिवा त्या चालीवर लुकलुकायचा.

"ही आयकते गो बाय," मामा मला म्हणाले. त्या आवाजात इतकी माया होती की आतून मामींना राहवलं नाही. "माजं येवढं कवा आयकलं नाय," त्या म्हणाल्या, आणि आजारानंतर पहिल्यांदा ते घर हसलं.

पुढे वर्षभर मामांनी डावा पाय तयार केला. एप्रिलच्या जयंतीला त्यांना स्टेजवर खुर्ची दिली. पहिलं गाणं छान गेलं. दुसऱ्याला पब्लिक उठलं आणि ढोलकी चढली. मामांनी बटण दाबलं, डबीने चाल उचलली, तोवर दादू आणखी पुढे. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मामांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि गिटार लंगडत मागून येत होती. मी कुणाचा हात धरून गावं?

आणि मग ढोलकी खाली आली. एवढ्या वर्षांत मी हे कधी ऐकलं नव्हतं. वळून पाहिलं तर दादू मान वाकवून त्या लाल दिव्याकडे बघत वाजवत होता. नाचणाऱ्यांचे हात एकेक करून खाली आले, माणसं खुर्च्यांकडे वळली. गाणं मात्र तिघांचं अगदी एकत्र संपलं.

मामांनी माइक बाजूला सारला. "दादू, दिव्याकडं बघून वाजिवलंस?"

"दादा, जरा सांभाळून घेतलं, त्यात काय…"

"माज्यासाठी खाली आलास. मग आता मी हितं कशाला?"

दादूने उठवायला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. खुर्चीला धरून एकटेच उठले. त्या वेळी मला त्यांचा भयंकर राग आला. भावाची माया अशी लोकांसमोर झिडकारतात का? आता वाटतं, मागे पडणं त्यांना चाललं असतं. आपल्यापायी ढोलकी खाली यावी, हे त्यांना सोसलं नाही. पण हे कळून उपयोग काय? मामांनी गिटार पुन्हा घेतली नाही. दादूने ढोलकी खुंटीला लावली. जयंतीला आता डीजे येतो.

मागच्या महिन्यात भेटायला गेले. दादू मामांच्या उजव्या हाताला तेल चोळत होता. रोज येतो म्हणे. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. समोर गिरणी सुरू झाली. पट्टा सैल होता, इतका की मलासुद्धा कळलं.

"मामा, चाल पडलीय ना हिची?" मी मुद्दाम विचारलं.

"आसंल गो बाय," मामा म्हणाले.

दादूचा चोळणारा हात थांबला. आम्ही दोघंही मामांच्या डाव्या हाताकडे बघत राहिलो. दळण संपून गिरणी बंद होईपर्यंत तो गोधडीवर तसाच पडून होता.