बरोबर मांडलं का?

माझं मलकापूरला मेडिकलचं दुकान आहे. प्रत्येक मेडिकलमध्ये एक ड्रॉवर असा असतोच, ज्यात गिऱ्हाइकांनी निम्म्याच घेतलेल्या गोळ्यांच्या उरलेल्या स्ट्रिपा पडत राहतात. टाकवत नाहीत आणि खपतही नाहीत. आमच्या चर्चा मंडळाचे किस्से माझ्याकडं असेच साठलेत. एक काढायला गेलं की चार बाहेर सांडतात. म्हणून आज ड्रॉवरच उपडा करते, काय उचलायचं ते तुम्ही उचला!

मंडळ म्हणजे काय, तर दर रविवारी सकाळी सलीमभाईंच्या गॅरेजच्या वरच्या खोलीत जमणारी आम्ही दहा-बारा माणसं. विषय गावाचे, देशाचे, नीतीचे, धोरणाचे. हे खूळ आमच्या सरांचं. सर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. मलाही शिकवलंय, पण माझ्यावरून त्यांची परीक्षा करू नका! त्यांनी मंडळाला एकच नियम घालून दिला. समोरच्याचं म्हणणं खोडायच्या आधी ते आपल्या तोंडानं मांडायचं आणि त्याला विचारायचं, "बरोबर मांडलं का?" तो "बरोबर" म्हणाला तरच पुढं बोलायचं. नाही म्हणाला की पुन्हा मांडायचं. ऐकायला लय सोपं वाटतं. करून बघा एकदा घरात!

मी मंडळाची अध्यक्ष. का, तर शेवटी बोललेला माणूस मला नेहमी पटतो. त्याच्या आधीचाही पटलेलाच असतो. सर म्हणाले, "शोभा, इतकी निःपक्षपाती व्यक्ती शोधून सापडायची नाही."

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. काकू गेल्यापासून सर एकटेच राहतात. गेल्या दिवाळीत बाथरूममध्ये घसरून पडले, तेव्हापासून पुण्याचा मुलगा, अभिजित, "माझ्याकडं राहायला चला" म्हणून मागं लागलाय. सरांचं ठरलेलं उत्तर, "कारणं दे, विचार करतो." तो प्रत्येक फोनवर कारणं देतो आणि सर प्रत्येक फोनवर ती खोडतात. इकडं आमचा जीव टांगणीला. सर गेले तर मंडळ बुडणार, हे तर आहेच. पण खरं सांगू का, सर गेले तर मला करमायचं नाही.

* * *

सगळ्यात गाजलेला विषय, मिरवणुकीत डॉल्बी असावा का? बाजूनं आमचा संभा, उसाचा बागायतदार आणि गणेश मंडळाचा मुख्य खांब. विरोधात सुभेदार आबा, फौजेतून रिटायर झालेले. आधी मतदान घेतलं, तर निम्मे इकडं, निम्मे तिकडं.

संभा गरजला, "डॉल्बी ही आपली परंपरा हाय!"

"तुझ्या आज्याच्या काळात डॉल्बी हुता का रं?"

"न्हवता. पर आज्याची विच्छा हुती!"

आता आबांनी संभाचं म्हणणं मांडायचं. त्यांनी मांडलं, संभा म्हणाला, "चूक." पुन्हा मांडलं. "आवं आबा, जीवच न्हाई त्यात!" मग मात्र आबा इरेला पेटले. आठवडाभर घरी तयारी करून आले आणि पुढच्या रविवारी असे काही बोलले! वर्षभर रानात राबणाऱ्या पोरानं एक दिवस छातीत दणका बसंस्तवर का नाचू नये, सांगा की! संभाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बरोबर! लयच बरोबर!"

संभा काय मागं राहतो? त्यानंही आबांचं म्हणणं मांडलं. गोठ्यात बिचकणाऱ्या म्हशीपासून गल्लीतल्या बाळंतिणीपर्यंत एकालाही सोडलं नाही.

मग पुन्हा मतदान. आबांनी हात वर केला डॉल्बीच्या बाजूनं आणि संभानं विरोधात! आकडा जिथल्या तिथं. सर मात्र खूश. "बघ शोभा, मतपरिवर्तन झालं!"

मी म्हटलं, "झालं खरं सर, पण त्याचं झालं काय?"

त्या वर्षी आबा डॉल्बीपुढं नाचले आणि संभा कानात कापूस घालून घरी बसला. कापूस माझ्याच दुकानातला होता.

* * *

शाळेजवळच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर हवा की नको, यावर चर्चा होती. एकेकजण काय बोलला, वा! लेकरांचा जीव, अँब्युलन्सचा खोळंबा, गरोदर बायकांची कंबर, नागरिकांचं स्वातंत्र्य. ऐकून ऐकून मला गरगरायला लागलं. कारण सगळंच पटत होतं.

सरांना मध्येच कसली शंका आली कोण जाणे. त्यांनी एकेकाला घर कुठं आहे ते विचारलं. ज्याच्या दारात ब्रेकर येणार तो तत्त्वतः विरोधात आणि ज्याच्या दारात येणार नाही तो तत्त्वतः बाजूनं! सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, हा प्रश्न नीतीचा आहे की पत्त्याचा?"

तेवढ्यात सलीमभाई उठले. "मी बाजूनं हाय. ब्रेकर झाला की गाड्यांचे शॉकअप बसतात, आन गाड्या माझ्याकडं येतात. बस, दुसरं काय न्हाई."

खोलीत नुसता दंगा! शोभतं का हे, जरा तरी समाजाचा विचार करा, वगैरे वगैरे. आबा तावातावानं म्हणाले, "म्हंजे तुमचं म्हणणं असं की, लोकांच्या गाड्या मोडाव्यात आन तुमचं गॅरेज चालावं. बरोबर मांडलं का?"

"बरोबर!"

पहिल्याच झटक्यात 'बरोबर' म्हणणारा मंडळाच्या इतिहासातला हा पहिला माणूस. आणि ठराव पडला. बाजूनं असलेल्या कुणालाच सलीमभाईंच्या शेजारी हात वर करायचा नव्हता. एवढ्या माणसांत खरं कारण एकानं सांगितलं आणि त्यानंच घात झाला, याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून समजलेलं नाही.

जिना उतरताना सलीमभाई माझ्या कानात म्हणाले, "ताई, पुढच्या बारीला मी पण लेकरांचंच कारण सांगतो."

* * *

रोज संध्याकाळी सात ते आठ मोबाईल बंद ठेवायचा, हा ठराव एकमतानं मंजूर झाला. आमच्याकडं एकमत! मला तेव्हाच समजायला हवं होतं. सरांनी एवढंच विचारलं, "सगळे पाळतात की नाही, हे कळणार कसं?"

संभा म्हणाला, "त्यात काय, ग्रुपवर टाकायचं!"

झालं. सात वाजले की ग्रुपवर सुरू. "बंद केला." "आमचाबी बंद." "सुभेदार वहिनींचा?" "तिचाबी बंद, तीच टाईप करतीय." मग हात जोडलेले, मग अंगठे, मग कुणाचा अंगठा आला नाही म्हणून चौकशी. आमचे हे जेवायला वाढ म्हणून ओरडताहेत आणि मी म्हणतेय, "थांबा हो, सगळ्यांचे बंद झाले का बघते!"

आठ वाजता सगळे दमून मोबाईल ठेवून द्यायचे.

रविवारी आढावा घेतला. योजना शंभर टक्के यशस्वी, प्रत्येकाकडं पुरावा! सर फळ्यापुढं किती वेळ उभे होते. "एकेक पायरी बरोबर दिसतेय," ते म्हणाले, "मग आपण पोचलो कुठं?"

* * *

एकदा मी माझ्याच पोटापाण्याचा विषय दिला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध द्यावं का? विरोधात बोलायला सगळे, बाजूनं कुणीच नाही. आबा तर टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "कायदा म्हंजे कायदा!" मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आता सोमवारपासून दुकानातली कटकट संपली.

सोमवारी शटर वर करते तोच आबा हजर. "शोभाताई, त्या घशाच्या गोळ्या दे. मागं दिल्या हुत्यास बघ, त्या कडक."

"आबा, चिठ्ठी?"

"मला कशाला चिठ्ठी? मी तर तुझ्याच बाजूनं बोललो की गं!"

मागोमाग संभा. "ताई, मी काल ऊसतोडीवर हुतो, बैठकीला न्हवतो. मला ठराव लागू न्हाई."

दुपारी सर आले. त्यांच्या हातात चिठ्ठी होती! ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची, पण वर्षापूर्वीची. मी नाही म्हटलं. सर शांतपणे म्हणाले, "औषध तेच, आजार तोच, माणूस तोच. मग चिठ्ठी तेवढी शिळी कशी?"

पटलंच मला. तरी मन घट्ट करून त्यांना डॉक्टरांकडं पिटाळलं. डॉक्टरांनी तपासलं आणि गोळी बदलली. माणूस तोच नव्हता म्हणायचा! सर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. आणि त्या संध्याकाळी अभिजितचा मला फोन. "ताई, बघितलंत ना? म्हणून मी बाबांना म्हणतो, इथं चला." तोही पटला. फोन ठेवला आणि औषधांच्या कपाटाकडं तोंड करून रडले मी.

* * *

एकदा सांगलीच्या मंडळींनी आम्हाला बोलावलं. पूररेषेच्या आत घरं असावीत का, हा विषय. तिकडून हळदीचे एक व्यापारी बोलायला उभे राहिले, पोपटशेठ. काय वाणी! नदीची जागा नदीला सोडा, माणसानं हाव आवरावी, सरकारनं कठोर व्हावं. आम्ही टाळ्या वाजवून वाजवून थकलो.

संभा उठला. "शेठ, तुमचं म्हणणं असं की, नदीकाठ मोकळा करावा, कुणाची गय करू ने. बरोबर मांडलं का?"

"अगदी बरोबर!"

"आन तुमी ऱ्हाता कुठं?"

शेठनी टोपी सारखी केली. "नदीकाठीच."

"मग सोडत का न्हाई?"

"तत्त्वतः सोडलंय हो! सामान तेवढं राहिलंय."

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. दर पावसाळ्यात ते सामान वरच्या मजल्यावर चढवतात आणि पाणी ओसरलं की गाळ धुऊन पुन्हा खाली मांडतात, म्हणे. घरच्यांनी हात टेकलेत.

परतीच्या एसटीत सगळे पोपटशेठची नक्कल करत होते. सर तेवढे त्यात नव्हते. मी विचारलं, तर म्हणाले, "तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही गं." मला काहीच उमगलं नाही. इतक्यात त्यांचा फोन वाजला. ऐकून घेतलं, खिशात ठेवला आणि म्हणाले, "अभिजित येतोय रविवारी. गाडी घेऊन."

* * *

रविवारी सर नेहमीसारखे जिना चढून आले. मागं अभिजित, कठड्याला हात न लावता, पण वडिलांच्या पाठीशी हात धरून. सरांनी फळ्यावर स्वतः विषय लिहिला, 'वडिलांनी मुलाकडे राहायला जावे का?'

आबा म्हणाले, "आवं सर, ह्यो काय मंडळाचा विषय हाय का? घरात मिटवा की."

"घरात मिटत नाही, म्हणून तर इथं आणलाय."

आधी अभिजित बोलला. लिफ्ट आहे, हॉस्पिटल जवळ आहे, नातवंडं आहेत, इथं जिने आहेत, ओली फरशी आहे, रात्री कुणी नाही. मुद्देसूद, शेवटी बापाचाच पोरगा! एकही मुद्दा खोडण्याजोगा नव्हता. आता सर बोलू देत, सगळं उडवून लावू देत, अशी मी मनातल्या मनात देवाची करुणा भाकत होते.

सर उठले. नियमाप्रमाणे आधी मुलाचं म्हणणं. "अभिजितचं म्हणणं असं," ते म्हणाले, "की लिफ्ट वगैरे सगळं ठीक आहे. पण मी फोन उचलायला उशीर केला की हा पुन्हा पुन्हा लावत राहतो. मीटिंगमधून उठून बाहेर जातो. रात्री दोनदा फोन हातात घेतो आणि मी झोपलो असेन म्हणून ठेवून देतो. आईच्या वेळी तो पोचला नव्हता. या वेळी त्याला जवळ असायचंय. बरोबर मांडलं का?"

अभिजितनं मान खाली घातली होती. ती वर न करताच म्हणाला, "बरोबर."

"आता खोडा, सर," मी म्हटलं. अध्यक्ष ना मी, म्हणावंच लागतं.

सरांनी खडू उचलला, पुन्हा ठेवला. चष्मा काढून पुसला. खाली गॅरेजमध्ये कुणीतरी गाडी रेझ करत होतं. ती पण बंद झाली.

"मला जायचं नाही," सर म्हणाले.

आम्ही थांबलो.

"कारण सांगा ना, सर," मी म्हटलं.

"दिवाळीपासून शोधतोय गं. एकही टिकत नाही." आणि सर खाली बसले.

आता पाळी अभिजितची. तो उठला. एकदा फळ्याकडं बघितलं, एकदा आमच्या सगळ्यांकडं. "बाबांचं म्हणणं असं," तो म्हणाला, "की त्यांना जायचं नाही." मग सरांकडं वळला. "बरोबर मांडलं का?"

"बरोबर."

संभाला राहवलं नाही. "आता खोड की, गड्या! काय कारण हाय का त्यात? एका मिनिटात खोडशील!"

अभिजित उभाच होता. मी पाणी पुढं केलं, ते घेतलं नाही.

"माझं बोलून झालं," तो म्हणाला आणि वडिलांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला.