टाळाची पावलं

बाबांच्या उजव्या मनगटावरच्या काळ्या पट्ट्याने दिवसभरात किती पावलं मोजली, हे मला अंधेरीच्या ऑफिसात बसून फोनवर दिसायचं. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग कॅन्सरसकट काढून टाकल्यावर हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो पट्टा बांधून दिला होता. रोज थोडं थोडं वाढवत पाच हजार पावलांपर्यंत जायचं होतं. चालले नाहीत तर छातीत कफ साचेल आणि न्युमोनिया होईल, असं त्या म्हणाल्या. अंगात ताकद आली नाही तर केमो देता येणार नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे बाबांना समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. समजावणं माझ्या स्वभावातच नाही. मी त्यांच्या चपला पलंगापाशी आपटायचे आणि ऑफिसला निघायचे.

पहिले दोन आठवडे आकडा आठशेच्या वर गेला नाही. दहिसरची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर. लिफ्टने उतरायचं आणि इमारतीला फेऱ्या मारायच्या, एवढंच काम होतं, पण बाबा खिडकीशी बसून राहायचे. मी ऑफिसातून फोन करायचे. "दोन वाजले बाबा, आणि दीडशे पावलं? संडासला तरी जाता की नाही?" ते फोन ठेवून द्यायचे. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "अगं, आजारी माणसाशी असं बोलतात का?" मी म्हटलं, "गोड बोलायला बाराव्याला वेळ मिळेल."

मग एका संध्याकाळी आकडा एकदम साडेतीन हजारांवर गेला. दुसऱ्या दिवशी चार हजार. मी ऑफिसात सगळ्यांना स्क्रीन दाखवत फिरले. माझ्या ओरडण्याचा परिणाम झाला, असंच मी धरून चालले. रविवारी मुद्दाम बाजारात जाऊन सुरमई आणली, त्यांना आवडतं तसं तिखलं केलं. बाबा खाली मान घालून जेवले. दुसरा तुकडा त्यांनी मागितला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

महिन्याभराने हॉस्पिटलात त्यांची चालण्याची चाचणी होती. जमिनीवर लावलेल्या दोन चिकटपट्ट्यांच्या मध्ये, सहा मिनिटं, आपल्याला झेपेल तसं चालायचं. तिसऱ्या मिनिटाला बाबा कुणाच्या तरी व्हीलचेअरवर बसले. ओठ निळसर पडले होते. फिजिओ बाईंनी माझ्या फोनवरचे आकडे पाहिले, मग बाबांकडे पाहिलं. "हे रोज चार हजार चालतात?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी केमो तीन आठवडे पुढे ढकलली. तोवर तयारी झाली नाही तर वेळ निघून जाईल, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले. बिल्डिंगमध्ये शिरले तेव्हा आकडा वाढत होता, पण आवारात बाबा नव्हते. सोसायटीच्या हॉलमधून भजनाचा आवाज येत होता. गणपती जवळ आले की आमच्या गाववाल्यांचं भजनी मंडळ तिथे रोज सरावाला बसतं. दारातून पाहिलं, तर बाबा मागच्या रांगेत, मांडी घालून, भिंतीला टेकून टाळ वाजवत होते. टाळावर टाळ पडला की फोनवर एक पाऊल वाढत होतं.

तीस वर्षं बाबा या मंडळाचे बुवा होते, पुढे बसून भजन सांगणारे. ऑपरेशननंतर त्यांना एक ओळसुद्धा एका श्वासात म्हणता येईना, म्हणून मंडळींनी त्यांच्या हातात टाळ दिले. निदान माणसांत बसतील. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी आत गेले आणि म्हटलं, "थांबा जरा."

पखवाज थांबला. मी फोन सगळ्यांसमोर धरला. "बघा, तुमचे बुवा चालतायत. तीन हजार नऊशे. बसल्या जागी."

एकजण हसला. मग त्याला कळलं आणि त्याने मान खाली घातली.

"पयल्या दिवशी माका म्हायतच नाय होता गो," बाबा म्हणाले. "आकडो वाढलेलो दिसलो. तू खूश झालंस. मगे काय बोलतलंय?"

"मरायचंच असेल तर तसं सांगा ना बाबा. मी रजा तरी वाया घालवणार नाही."

मी त्यांच्या हातातून टाळ काढून घेतले. मंडळाला म्हटलं, परत यांच्या हातात टाळ दिलेत तर खांदा द्यायला तुम्हांला बोलावणार नाही. टाळ माझ्या कपाटात ठेवले आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

मग रोज सकाळ-संध्याकाळ मी बाबांच्या मागून चालले. ते थांबले की मी म्हणायचे, "चला." एकदा धाप लागून त्यांनी जिन्याचा कठडा धरला, तेव्हा मी घड्याळ बघत उभी राहिले. वॉचमन दुसरीकडे बघायचा. तीन आठवड्यांनी ते सहा मिनिटं पूर्ण चालले आणि केमो सुरू झाली. डॉक्टर त्यांना म्हणाले, "मुलगी असावी तर अशी." बाबांनी मान हलवली. तोवर ते माझ्याशी फक्त आकडे बोलायला लागले होते. "तीन हजार आठशे." "पाच हजार तीस." चहासुद्धा मागायचे नाहीत, केलेला असला तर प्यायचे.

केमोमुळे त्या वर्षी गावी जाता आलं नाही, म्हणून गणपती इथेच बसवला. मी आधीच बजावलं होतं की सण असला तरी पावलं झालीच पाहिजेत. संध्याकाळी आरती झाली आणि मंडळ आमच्याकडे भजनाला आलं. माणसं बसली, पखवाज लावून झाला, तरी कोणी सुरुवात करेना. सगळे बाबांची वाट बघत होते. फोन पाहिला तर आकडा चार हजार सहाशेवर होता आणि एकेकाने वाढत होता.

मी कपाट उघडून टाळ काढले आणि खाली गेले. बाबा नवा शर्ट घालून पार्किंगमधून फेऱ्या मारत होते.

"पुरे बाबा. वर चला, तुमच्यासाठी थांबलेत सगळे."

"अजून तीनशे रवलीत."

"राहू देत." मी टाळ पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. उजवा हात माझ्यापुढे धरला.

"आधी हो पट्टो काढ," ते म्हणाले. "मगे म्हणशीत, बापूस लबाडी करता."

मला लाज वाटली. इतकी, की पट्ट्याचा काटा निघेपर्यंत मान वर करता आली नाही. खाली कातडीवर पांढरा वळ होता. बाबांनी टाळ घेतले आणि माझ्यासाठी न थांबता लिफ्टने वर गेले. मी पोहोचले तेव्हा ते मागच्या रांगेत बसून वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा टीव्हीजवळ ठेवलेला पट्टा तिथे नव्हता आणि बाबाही घरात नव्हते. थोड्या वेळाने दार वाजलं. घामाघूम झालेले बाबा उंबऱ्याशी उभे राहिले आणि त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं.

"कालची तीनशे," ते म्हणाले. "मोजून घे."