रामाकोन्याचा कप

नागपूरहून पांढुर्ण्याला मोठ्या गाडीने थेट जाता येतं. तरी चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात मी छोट्या लाईनने रामाकोन्याला उतरून पुढे बस धरायचं ठरवलं. संत्र्याचे बगीचे पाहायचे होते. हाच रस्ता घ्या, पण स्वेटर ठेवा. डब्याच्या खिडक्या लागत नाहीत.

रामाकोन्याच्या हॉटेलात आलूबोंडे खाल्ले, गरम आणि जहाल. बाहेर एका म्हाताऱ्याने खिळ्याला टांगलेला कप काढला, मालकाने वरून ओतलेला चहा उभ्यानेच प्याला, कप धुतला आणि परत टांगला.

बसमध्ये तो शेजारीच बसला. नाव संपत. पांढुर्ण्याला पोराकडे निघाला होता.

"गाव काऊन सोडलं त्यानं?" मी विचारलं.

"हॉटेल टाकलं होतं इथं. भज्याचा वास घ्यायले सारे येत, खायले कोणी नाही. आम्ही बौद्ध ना भाऊ. तिथं कोणाले मालूम नाही, मस्त चालून राहिलं."

"गावात काय सांगता?"

"पोटासाठी गेला म्हणतो." तो हसला. "जसं पोट रामाकोन्यात नव्हतंच!" मग हळूच म्हणाला, "तिथं मी बाप नाही हं. गिऱ्हाईक हाय."

सौसरला बस बराच वेळ थांबते. तिथेच जेवून घ्या. मोहगावकडे बगीचे लागले. झाडं फळांनी वाकली होती. संपतचं लक्ष नव्हतं. तो पुटपुटत होता, "एक चहा दे भाऊ. एक चहा."

पांढुर्ण्याच्या स्टँडजवळचं ते हॉटेल भरलेलं होतं. झारा थांबवून पोरगा म्हणाला, "बसा काका. काय देऊ?"

"एक चहा दे भाऊ."

दोघांनी झकास निभावलं. संपत चक्क बाकावर बसला, बशीत ओतून फुरफुर प्याला. मग उठला, कोपऱ्यातल्या बादलीजवळ बसून कप धुतला आणि वेगळा पालथा घातला.

"अहो बाबा, राहू द्या, मालक धुते ना," एक गिऱ्हाईक म्हणालं. मग ते थांबलं. पालथ्या कपाकडे पाहिलं, संपतकडे, मालकाकडे, स्वतःच्या हातातल्या कपाकडे. कप अर्धाच ठेवून उठलं. मागोमाग आणखी दोघं.

संपतचे हात ओले होते. पोरगा भजी तळत राहिला.

मार्चमध्ये पुन्हा गेलो, तर त्या जागी पानठेला. "हॉटेलवाला?" पानवाला चुना लावत म्हणाला, "गेला नागपूरकडं. पोटासाठी."

नागपुरात कुठे भजी चांगली लागली, की आजही मी मालकाकडे पाहतो. तोच निघाला, तर ओळख दाखवायची नाही, एवढं ठरवलंय.