जहाजावर सगळ्यांची तब्येत ठणठणीत होती

क्रूझला मी समुद्र बघायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. सूर्यास्ताचे फोटो बघायला आलेल्यांनी दुसरा ब्लॉग धरावा.

माझ्या मामाचं नागपूरजवळ लोधीखेड्याला कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. यंदा एका औषध कंपनीची स्कीम होती, इतका माल उचला आणि मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ फुकट. मामाने माल उचलला, तिकीट आलं, आणि नेमकी तेव्हाच संत्र्याची तोड निघाली. मामा म्हणाला, "तूच जा बे. तसाही तू काय करून राहिला?"

सेकंड इयरला सरांशी भांडून कॉलेज सोडलं तेव्हापासून हा प्रश्न मला घरात चहासोबत मिळतो. या वेळी पहिल्यांदाच माझ्याकडे उत्तर होतं. कारण ग्रुपवर चौदा जणांची यादी आली होती, आणि तिच्यात पांढुर्ण्याच्या एका मोठ्या डीलरच्या नावापुढे लिहिलं होतं, 'सोबत मुलगी'.

ती मुलगी म्हणजे प्रणाली. कॉलेजात माझ्या वर्गात होती. तिने डिग्री पूर्ण केली, आता वडिलांच्या दुकानात काउंटरवर बसते आणि कोणत्या किडीला किती मिली औषध, हे डबा न बघता सांगते. तीन वर्षं झाली मी तिला विचारून राहिलो. ती हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आणि येत्या रविवारी नागपूरचा एक पोरगा तिला बघायला येणार होता. मी मेसेज केला, "बोटीवर समोरासमोर विचारतो. तिथं उत्तर दे." तिचं उत्तर आलं, "देईन. पण तोवर एक मेसेज करायचा नाही."

तेवढ्यासाठी मी घरून, सौंसरहून निघालो.

सौंसर ते मुंबई

सौंसरहून नागपूरची बस पकडावी, सावनेरमार्गे दीड-दोन तासांत पोचवते. रस्ता चांगला आहे, बसच्या सीट नाहीत. पांढुर्ण्याची मंडळी रेल्वेने नागपूरला आली, तिथून सगळ्यांना मुंबईची रात्रीची गाडी. प्रणालीच्या वडिलांना सगळे काकाजी म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी जहाजावर वाटायला संत्र्यांची पेटी आणली होती. मुंबईला बंदरावर सिक्युरिटीवाल्यांनी ती काढून घेतली. काकाजी त्यांना दहा मिनिटं समजावत होते की हे फळ आहे, स्फोटक नाही.

बंदरावर एक फॉर्म भरावा लागतो. गेल्या बहात्तर तासांत उलटी, जुलाब, ताप आला होता का? आमच्यातला मोहगावचा एक डीलर सकाळपासून चौथ्यांदा संडासातून परतला होता. त्याने पेन हातात धरून टूर मॅनेजरला विचारलं, "खरं लिहू का?"

टूर मॅनेजर म्हणाला, "लिहा ना भाऊ. मग इथूनच परतीची गाडी पकडा."

चौदा फॉर्म भरले गेले. चौदाही लोकांची तब्येत ठणठणीत होती. बाकीच्या हजारभर लोकांची पण. एवढी निरोगी माणसं एकाच छताखाली मी आजवर पाहिली नव्हती.

पहिला दिवस

खोलीची चावी मिळाली. दोघांची खोली, आतल्या बाजूची, खिडकी नाही. (तुम्ही स्वतःच्या खर्चाने जाणार असाल तर थोडे पैसे जास्त भरून खिडकीवाली घ्या. का, ते पुढे कळेल.) दार उघडलं तर आत बनियनवर काकाजी. प्रणालीला मोहगावच्या एका वहिनीसोबत दुसऱ्या मजल्यावर टाकलं होतं.

"तू लोधीखेड्यावाल्याचा भाचा ना?" काकाजी म्हणाले. "ये, बस. मी सकाळी पाचले उठतो. तूही उठशीन."

मला वाटलं, नशीबच फुटकं.

जेवणाला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. बुफे इतका लांब की एका टोकाला भूक लागते आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मरते. आमच्या मंडळींनी फुकटाचं म्हणून प्रत्येक भांड्यातला डाव हातात घेतला, ठेवला, परत घेतला. हात धुवायला दाराशी नळ होते. तिथे उभी असलेली पोरगी हसून सगळ्यांना हात धुवायला सांगत होती. काकाजी म्हणाले, "आम्ही घरून धुवून आलो."

प्रणाली दोन टेबलं पलीकडे बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि वरणात लिंबू पिळलं. उद्या संध्याकाळी कंपनीचा सत्कार समारंभ होता. काकाजींना सगळ्यात मोठी ढाल मिळणार होती. काकाजी स्टेजवर असताना डेकवर भेटायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी चिठ्ठी दिली आणि तिने ती फाडली नाही.

दुसरा दिवस: गोवा, लांबून

सकाळी गोवा दिसत होता. नारळाची झाडं, पांढऱ्या इमारती, सगळं. मग लाउडस्पीकर बोलला की काही प्रवाशांना पोटाच्या विषाणूची लागण झाली आहे, उतरायची परवानगी नाही, बुफे बंद, यापुढे जेवण कर्मचारी वाढतील. ज्याला उलटी-जुलाब होतील त्याने खोलीतून फोन करून कळवावं. त्याला आणि त्याच्या खोलीतल्या सोबत्याला आतच राहावं लागेल.

'काही प्रवासी' म्हणजे किती, ते कोणी सांगितलं नाही. पण लिफ्टजवळ पाठीवर पंप बांधलेले कर्मचारी आले आणि भिंती, कठडे, खुर्च्यांवर फवारणी सुरू झाली. आमच्या डीलर मंडळींना आता कुठे जहाजात रस वाटू लागला. सगळे गोल करून उभे राहिले.

"बॅटरीवाला पंप हाय."

"नोझल चुकीचं लावलं ना बाप्पा. थेंब मोठा पडून राहिला."

"अबे, हवेच्या उलट मारून राहिला तो. तोंडावर येईन त्याच्या."

एकाने तर त्या कर्मचाऱ्याला हिंदीत विचारलं, पंधरा लिटरमध्ये किती टाकता? त्या बिचाऱ्याने डोळे मिटून फवारणी चालू ठेवली.

दुपारी तीनला काकाजींनी खोलीत उलटी केली. मग आणखी एक. मग बराच वेळ बाथरूमचं दार बंद. बाहेर आले तेव्हा भिंत धरून आले.

"कोणाले सांगू नको," ते म्हणाले. "सातले सत्कार हाय."

मी कळवलं असतं तर आम्ही दोघं आत बंद, प्रणाली बाहेर, आणि रविवारी नागपूरचा पोरगा तिच्या घरी पोहे खात बसलेला. मी एका सेकंदात ठरवलं. "काकाजी, तुम्ही बिलकुल टेन्शन नका घेऊ," म्हणालो. लादी पुसली, त्यांना गोळी दिली, पांढरा शर्ट काढून दिला. दारावर विचारपूस करायला आलेल्या पोराला सांगितलं, इथे सगळे ठणठणीत. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे लिहिताना लाज वाटून राहिली. पण वाटला होता.

सातला काकाजी हॉलमध्ये गेले. रांगेत उभं राहण्याआधी त्यांनी भेटेल त्याला मिठी मारली, हात मिळवले. मी डेकवर. प्रणाली आली. वारा एवढा होता की ओढणी तिने हाताला गुंडाळून धरली होती.

"बोल," ती म्हणाली.

"तू बोल. उत्तर तुला द्यायचं आहे."

"देते. आधी सांग, बाबाचा चेहरा असा काऊन दिसून राहिला?"

इथे मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा केला. मला वाटलं, ती खुश होईल. "दुपारी उलट्या झाल्या त्यांना. मी दाबून टाकलं सगळं. कोणाला कळू दिलं नाही."

"कितीले झाल्या?"

"तीनला."

"आणि चार तासांनी ते लोकांना मिठ्या मारून राहिले."

"आपल्या भेटीसाठीच ना, प्रणाली."

ती वळली, पांढऱ्या कपड्यातल्या पहिल्या कर्मचाऱ्याजवळ गेली आणि माझ्याकडे बोट दाखवून दोन वाक्यं बोलली. पाच मिनिटांत काकाजींना ढालीच्या रांगेतून बाहेर काढलं, मला डेकवरून. ढाल मोहगाववाल्याने त्यांच्या वतीने स्वीकारली. त्याचं पोट आता बरं होतं.

तिसरा दिवस: खिडकी नसलेली खोली

जेवण दाराबाहेर कागदी डब्यात येतं. भात, उकडलेला बटाटा, केळं. दार वाजतं, तुम्ही दहापर्यंत मोजायचं, मग उघडायचं. सकाळ आहे की रात्र, हे फक्त केळं आलं की बटाटा, यावरून कळतं. जाणाऱ्यांसाठी सल्ला: ओआरएसची पाकिटं घरून न्या, आणि नुसत्या सॅनिटायझरवर राहू नका, या विषाणूला साबण-पाणीच लागतं. हे मला जहाजाच्या नर्सने फोनवर सांगितलं, चिडून.

दुसरा फोन प्रणालीचा यायचा. दर दोन तासांनी. काकाजी माझ्यापासून हातभर अंतरावर पडलेले, त्यामुळे बोलणं असं:

"किती वेळा?"

"सात."

"पाणी?"

"तीन ग्लास."

"लघवी झाली का?"

"विचारून सांगतो."

तीन वर्षांत ती माझ्याशी एवढ्या वेळा कधीच बोलली नव्हती. तिच्या खोलीतल्या वहिनींनाही तोवर सुरू झालं होतं. संध्याकाळपर्यंत आमच्या चौदातले नऊ आडवे.

काकाजींनी जामसावळीच्या हनुमानाला अभिषेक बोलला. मी त्यांचे कपडे धुतले, चमच्याने पाणी पाजलं, दर वेळी बाथरूमपर्यंत धरून नेलं. रात्री त्यांना थोडं बरं वाटलं, तेव्हा छताकडे बघत म्हणाले, "टूरवाल्याले मीच सांगितलं होतं, या पोट्ट्याले माह्या खोलीत टाक म्हणून."

मी त्यांचं पांघरूण सरळ केलं.

"मले सगळं माईत हाय बे. वाटलं, डोळ्यासमोर राहिला तं पोरीजवळ जाणार नाही." मग कुशीवर वळले. "पण तू कामाचा निघाला. तोंड बंद ठेवता येते तुले. दुकानदारीत तेच लागते. रविवारच्या पाहुण्याले नाही म्हणतो मी. तू सोमवारपासून दुकानात ये."

आमच्याकडे असल्या गोष्टीसाठी लोक डोकी फोडून घेतात. मला ते बटाटा खाता खाता मिळालं. फोन वाजला तसा मी काकाजींच्या देखतच तिला सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "बाबाले तू कायले आवडला, समजलं का तुले?"

"समजलं."

"मले त्याचसाठी नाही आवडला. वहिनी बेसिनजवळ पडल्या आज. टाके पडले कपाळाले." आणि मग, "बाबाले झोपेतून उठवून पाणी दे," म्हणून ठेवला.

म्हणजे बघा, आमची केस उलटी. जगात बाप अडून बसतो आणि पोरगी तयार असते.

परत

मुंबईला आम्हाला सगळ्यांच्या शेवटी, वेगळ्या दाराने उतरवलं. नुकसानभरपाई म्हणून प्रत्येकाला पुढच्या क्रूझवर सवलतीचं कूपन मिळालं. ते कोणी कोणाला लग्नात आहेर म्हणून द्यायचं, यावर गाडीत चर्चा झाली.

माझी पाळी गाडीतच आली, कसाऱ्याच्या पुढे. बाथरूममधून आलो तर प्रणाली माझ्या बर्थजवळ ओआरएसचं पाकीट घेऊन उभी.

"कोणाले सांगितलं का?"

मी सांगितलं. टीसीला, समोरच्या काकूंना, बाजूच्या कुटुंबाला. दहा मिनिटांत माझ्या आसपासचे पाच बर्थ रिकामे झाले. रिझर्वेशन न करता एवढी जागा हवी असेल तर हा उपाय आहे. प्रणाली शेवटच्या सीटवर तोंडाला ओढणी बांधून नागपूर येईपर्यंत बसली. बोलली नाही. पण बसली.

रविवारचा पाहुणा आला नाही. तिनेच फोन करून नको म्हटलं. हे माझ्यासाठी नाही, असं तिने मला मेसेजने मुद्दाम कळवलं.

सोमवारी मी पांढुर्ण्याला दुकानात गेलो. ती बँकेत गेली होती. काकाजींनी चहा पाजला आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. कंपनीला तक्रार. जहाजाच्या निकृष्ट अन्नामुळे आमची सहल वाया गेली, तरी थायलंडची सहल मिळावी. खाली चौदा नावं, प्रत्येकापुढे सहीची जागा. दुसऱ्याच ओळीत होतं, 'जहाजावर चढताना व नंतरही आम्ही कोणतीही लक्षणे लपविली नाहीत.'

"कर सही," काकाजी म्हणाले. "थायलंडले तू आमच्या घरचा म्हणून येशीन."

"काकाजी, हे खोटं हाय."

"अबे, तूच तं दाबलं होतं."

"म्हणूनच म्हणून राहिलो."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही, एखाद्या बियाण्याचं पाकीट उगवलं नाही म्हणून गिऱ्हाईक परत आणतं, त्याकडे पाहतात तसं. "मंग आपलं जमत नाही गड्या," म्हणाले आणि कागद ओढून घेतला. नोकरी चहा थंड व्हायच्या आत गेली. मामाला कळलं तेव्हा त्याने जे म्हटलं ते इथे लिहिता येत नाही. मी त्याच्यावर ओरडलो, तो माझ्यावर. आता आम्ही बोलत नाही.

क्रूझ करावी का, असं विचारणाऱ्यांना माझं म्हणणं, करा. खिडकीवाली खोली घ्या, हात धुवा, आणि फॉर्मवर खरं लिहा. फार तर घरी परत याल.

आणखी एक. काकाजी कागद ओढत होते तेव्हा मी यादी वरपासून पाहिली. बारा सह्या होत्या. तेराव्या नंबरला मी, कोरा. आणि सहाव्या नंबरला प्रणाली, तीही कोरी. तिने ती जागा माझ्या आधी, मला न विचारता सोडली होती. मी काकाजींना विचारलं, तर म्हणाले, "तिचं तू नको पाहू."

अर्ज बारा सह्यांनीच गेला. ती अजून हो म्हणालेली नाही. पण तीन वर्षांत आम्हा दोघांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं आहे, आणि ते काकाजींच्या फायलीत लेखी आहे.