विलायतेतला तीन महिन्यांचा खर्च आणि मुळशीचं खाचर

विलायतेत कारखान्यात नोकरी ठरली, बोटीचं तिकीट निघालं, आणि मी तिथल्या खर्चाचा अंदाज मांडायला बसलो. तिकडच्या एका मित्रानं सगळं कळवलं होतं. खोलीचं भाडं दर आठवड्याला, मीटरमध्ये नाणी टाकली तरच शेगडीची ऊब, अंघोळीचे पैसे वेगळे, शिवाय जाड कोट. बस्तान बसेपर्यंत तीन महिने काढायला माझी शिल्लक पुरत नव्हती. मुळशीला आम्हा भावांचं एकच भातखाचर उरलं होतं. ते विकायला दादाला राजी करायचं म्हणून निघालो.

पुण्याहून जाणार असाल तर सकाळची एस.टी. पकडा. पिरंगुटपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे हाडं खिळखिळी होतात. पौडला गाडी थांबते तेवढ्यात चहा-भजी उरकावी. धरणाचं पाणी दिसलं की नवखे लोक खिडकीशी झुंबड करतात. मला ते पाणी कधी सुंदर वाटलं नाही. आमची चांगली शेतं त्याच्या तळाशी आहेत.

दादानंच मला पुण्यात ठेवून शिकवलं. वहिनीनं आंबेमोहराचा भात आणि माशाचं कालवण वाढलं. दादाचा सगळा हिशेब पायलीत चालतो.

"तितं वर्साला किती पायली तांदूळ लागंल तुला?"

"तांदळाचं नाही रे. खोली, शेगडी, अंघोळ..."

"आंगुळीलाबी पैसं?"

"मग हितनंच तांदूळ न्या की भावजी," वहिनी म्हणाली.

मी खाचराचं काढलं. दादा बराच वेळ हात धूत राहिला. "बापाचं धरणानं गिळलं. ऱ्हायलेलं तू ने. शिकल्याला हायेस, तुला जास्त कळतंय."

याला मी होकार समजलो. सोयीचं होतं म्हणून समजलो, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी पौडच्या कचेरीत खरेदीखत झालं. मी आधीच गाठून ठेवलेल्या पुणेकर गृहस्थांना पाण्याकाठी बंगला बांधायचा होता. दादानं अंगठा दिला. आता त्याच्याकडे डोंगरउतारावरची नाचणी तेवढी राहिली. परतीच्या गाडीत मी खुशीत होतो, हे लिहिताना लाज वाटते.

पुण्यात बँकेत गेलो, पैशांचे पौंड करून मागितले. कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "सोबत तीन पौंड नेता येतात. सरकारी नियम आहे."

कोटाची किंमत विचारली होती, अंघोळीची विचारली होती. हे एवढं कुणाला विचारलं नव्हतं. परदेशी निघणाऱ्यांनो, आधी बँकेत जा, मग घरच्यांकडे हात पसरा. मी त्या गृहस्थांच्या दारात दोनदा गेलो. त्यांनी व्यवहार फिरवायला साफ नकार दिला.

शेवटी दादाला सगळं खरं लिहिलं, रक्कम तुझ्या नावावर करतो म्हणून कळवलं. बोट सुटायच्या आधी त्याचं कार्ड आलं. अक्षर शाळेतल्या गुरुजींचं, बोलणं दादाचं.

"पैसं ऱ्हाऊ दे तुज्याकडंच. औंदा भात कुटं लावू, तेवढं कळीव."