तिसरी हाक

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांना मी तोंडावर हसत असे. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता — आजही नाही, असं लिहायला घेतलं खरं, पण हात थांबतो... माझी शाळा दुसरीतच सुटली. पुढचं लिहिणं-वाचणं सासरी शिकले, तेव्हा चूकभूल सांभाळून घ्यावी.

माहेर साताऱ्याकडे, मी चौथी मुलगी. तिकडे अशा मुलीला 'आता मुलगी नको' अशा अर्थाचं नाव ठेवतात, तेच माझं. ते इथे लिहीत नाही. कारण पुढे कळेल. लग्नात सासूबाईंनी ह्यांना ताटातल्या तांदळात माझं नवं नाव काढायला लावलं — सोनूबाई. मी रडले. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटलं म्हणून.

सासर कर्जतला. आमचे हे स्टेशनात रुळांचे सांधे बदलतात. घाट चढायला गाडीला जादा इंजिन जोडतात, त्याचा फुसकारा नदीवरच्या धुण्याच्या दगडापर्यंत ऐकू येतो. तिथेच एका दुपारी पलीकडच्या करंजाच्या झाडांतून हाक आली. माझं जुनं नाव! दोनदा. मग गप्प.

भुताला तिसरी हाक मारता येत नाही, म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, हे माहेरी शिकवलेलं नि सासरीही. मी थांबले. तिसरी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, तिसऱ्या दिवशीही.

माझा संशय थेट मोठ्या जावेवर, अक्कांवर. "नाव सोनूबाई नि हाती कथलाचा वाळा!" म्हणून त्या येताजाता टोचायच्या. त्यांनीच कुणाला तरी पलीकडे बसवलं असेल... पण माहेरच्यांनी सासरी लपवलेलं नाव त्यांना कुणी सांगितलं? बांगड्या भरायला घाटावरून येणाऱ्या कासारणीनं? पुढे पुढे तर मी ह्यांच्याकडेही चोरून बघू लागले. मला दिवस गेलेले. 'नको असलेलीच्या पोटी काय येणार' असं कुणी म्हटलं तर? इतक्या मायेनं सोन्याचं नाव देणाऱ्या सासूबाईंचं मन फिरलं तर? मी नदीवर जायचं टाळू लागले.

"सोने, धुनं तसंच पडलंय. काय झालं गं?"

सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. मी सगळं सांगून टाकलं, नावासकट. सूप थांबलं.

"दोनच हाका मारतंय?"

"होय, आत्याबाई."

"मंग तिसरी तू मार. नाव तुजंच हाय ना? हाक मार नि सोडून दे. ओ मातर देऊ नको."

त्या रागावल्या नाहीत. सूप पुन्हा हलू लागलं. एवढ्यासाठी मी जन्मभर त्यांची ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी अक्का शेजारच्याच दगडावर लुगडं आपटत होत्या. हाक आली. एक... दोन.

"कुणाला बोलवतंय गं त्ये?" अक्का म्हणाल्या.

म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं — आणि त्यांचा त्यात हात नव्हता! मी उभी राहिले, पलीकडे तोंड केलं आणि स्वतःचंच नाव घेऊन हाक मारली. आवाज चिरकला.

करंजांतून ओ आली.

"ओऽऽ... आले!"

लहान मुलीचा आवाज. अक्कांच्या हातून लुगडं सुटलं, वाहत गेलं. दोघींपैकी कुणी धरायला धावली नाही. पलीकडे पान हललं नाही. पुन्हा हाक आली नाही, आणि अक्कांनी ती म्हण पुन्हा काढली नाही.

बाळंतपणाला माहेरी गेले. आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "आली माझी सोनू!" मला वाटलं, सासरचं नाव कौतुकानं घेतेय. मी जुन्या नावाचं विचारलं, तर माझ्याकडे बघतच राहिली. "असलं कुठं नाव असतंय व्हय? तू पैल्यापासनं सोनूच की!" लाजेनं लपवते म्हणावं, तर त्या नावाची गाणी करून मला रडवणारी थोरली बहीणही तेच म्हणाली. शेजारीपाजारीही तेच. इकडे परत आले, तर सासूबाईंना आणि अक्कांना हाक आठवते, नाव आठवत नाही.

माहेरी मला लेक झाली होती. सासूबाईंनी साखर वाटली. आता ती माझ्या मांडीवर बसून अक्षरं गिरवते. या घरात माझ्या जिवाला पूर्वी नव्हती एवढी जागा आहे. नाही म्हणणार नाही. पण ते नाव मी सोडलं की कुणी नेलं, याचा उलगडा आजवर झालेला नाही. दाराशी अनोळखी मुलगी आली, तर पाणी देण्याआधी मी तिचं नाव विचारते.

कारण ती 'आले' म्हणाली होती. आणि अजून आलेली नाही.