माझ्या मराठीचं कौतुक

"ऐकलंत ना? काय शुद्ध मराठी आहे हिचं!" मॅडम म्हणाल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी काय बोलले, ते कुणीच ऐकलं नव्हतं.

उस्मानपुऱ्यात मॅडमच्या हॉलमध्ये दर महिन्याला पुस्तकावर चर्चा होते. हिजाबवाली मी एकटीच. मराठीत एम.ए. करतेय, तरी त्यांचं नवल संपत नाही. त्या दिवशी एक जुनी, गाजलेली कादंबरी होती. तिच्यातला जमीनदार मोलकरणीवर चोरीचा खोटा आळ घेतो, तिला हाकलतो. पुढे पस्तावतो, जमीन वाटून टाकतो, देवमाणूस ठरतो. त्याच्या उद्धारानं सगळे गहिवरले होते. मी म्हणाले, तो साऱ्या गावापुढे रडला, पण तिच्या दारात माफी मागायला गेला नाही. मग उद्धार कसला?

त्यावर त्या टाळ्या.

थोड्या वेळानं मॅडमची मुलगी बोलली. "पण तो तिच्या दारात गेलाच नाही ना!"

"वा! किती वेगळा विचार!" लोक माना डोलवायला लागले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिच्यावर मी आधीपासूनच जळते, लपवत नाही. तिची पुस्तकांनी भरलेली भिंत. तिचं अडखळणं. ती अडखळली तरी लोक थांबतात. मी आरशासमोर तालीम करून येते. घरची बोली चपलांबरोबर दाराबाहेर ठेवते.

"हे मी आत्ताच बोलले," मी म्हणाले.

"अगं हो, पण आम्ही तुझं मराठी ऐकण्यातच गुंगलो!" मॅडम हसल्या.

माझं डोकं फिरलं. फर्दापूरची माझी नानी बोलते तशी बोलले, "मंग पुन्यांदा ऐका. त्यो लई रडला, समदं वाटलं. पन तिच्या दारात गेला नाय. कळलं का?"

कुणी टाळी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. आपण सुशिक्षितही चुकतो, काल एका मुलीनं डोळे उघडले, वगैरे. माझं नाव नाही. खाली फुलं, जोडलेले हात. "मॅडम, केवढं मोठं मन!" मला मात्र त्यांनी साधा फोनही केला नाही. छावणी भागातलं आमचं घर त्यांना माहीत आहे. सोफ्याची कव्हरं अब्बांकडूनच शिवून नेतात. मला त्या फुलांचाही हेवा वाटला. अपमान माझा झाला होता, कौतुक त्यांचं चाललं होतं.

अम्मी म्हणाली, "छोड ना. नको जाऊ तिकडं."

जाणार. नेहमीसारखी दारापाशी नाही, मधल्या खुर्चीत बसणार. नानीच्या बोलीतच बोलणार. मॅडमना सगळ्यांदेखत सांगणार, ग्रुपवरची माफी मला पोचली नाही. छावणीत या. त्या येईपर्यंत त्यांचा उद्धार झालेला नाही.